डाव्या दारावर माझा हात नाही

ता. ३ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते चौथीत शिकवलं होतं. विसरले. तू मोठा, मी लहान, एवढं धर आणि पुढे वाच.

फोनवर तुला ऐकू येत नाही, कंप्रेसरनं तुझे कान खाल्ले. मामीकडे निरोप दिला तर ती रंगावर मारायच्या लॅकरचं लॉकर करते. मागं तूच विचारलंस ना, भिंगरीनं लॉकर कशाला घेतलं म्हणून? त्यापेक्षा कागद बरा.

आमच्या वर्कशॉपला एक गाडी आलीय. जांभळी. लांबलचक, पोट जमिनीला टेकलेलं. ट्रेलरवरून उतरवत होते तेव्हा मी बाहेर पाइप घेऊन गाड्या धूत होते. ऊन पडलं, रंगाच्या आतली चमकी उठली आणि माझ्या तोंडून निघालं, "ही मामाची!" मालक म्हणाला, "कुणाच्या मामाची?" म्हटलं, "माझ्या." तो हसला. मग मी बॉनेट उघडायला लावलं आणि आतल्या बाजूला, तू रंगवलेल्या प्रत्येक गाडीत ओढायचास ती दातेरी रेघ दाखवली. तेव्हा हसायचा थांबला.

थांबला नसता तर बरं झालं असतं. आमचा पॉलिशवाला, त्याला सगळे आरसेदादा म्हणतात, तो शिडीवरून पडला आणि मनगट मोडून घरी बसलाय. मालक म्हणाला, "मामाची गाडी आहे तर भाचीनंच करावी." आणि मी हो म्हणून बसले! जीभ आधी, डोकं मागून, तुला माहितीये.

मामा, नऊ मार्चला गाडी प्रदर्शनात उभी राहायचीय. एका बाईंची गाडी आहे, त्यांच्या नवऱ्यानं बनवून घेतलेली. नवरा गेला. चार वर्षं गाडी ताडपत्रीखाली होती. वाऱ्यानं ताडपत्री हलून हलून रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे आलेत. बॉनेट दुधाळ झालंय. डावं दार उजव्यापेक्षा जरा फिकं दिसतं.

जमलं तर मला आत पॉलिशला कायमचं घेणार. आत म्हणजे काय ते सांगते. ऑफिस शेजारी आहे. फोन घेणाऱ्या मावशी ढब्बीला सांभाळतात, काच बंद असते, वास जात नाही आत. लोकरी पॅडच्या रिकाम्या खोक्यात ती झोपते, मला काचेतून दिसते. नाही जमलं तर परत बाहेर धुवायला. तिथं पहाटेपासून पाण्यात उभं राहायचं, तिथं आठ महिन्यांचं लेकरू कुठं ठेवू? तिचा बाबा बोटीवर, पावसाळ्याआधी येत नाही.

मशीन नुसतं हातात घेतलं तरी हात थरथरतात. रंग जाळला तर? तू किती हात मारलेत, कुठं जाड आहे, कुठं पातळ, सगळं लिही. लवकर लिही.

तुझी भिंगरी

&nbsp;

ता. ७ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून नाचलीय. पण वाचलं. दोनदा वाचलं.

थरथरतात तर थरथरू दे. मशीन तुझ्या हातापेक्षा जास्त थरथरतं, त्याला कुणी भित्रं म्हणतं का?

आता ऐक. ती गाडी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गाडी. खाली रुपेरी, त्यावर चमकी, त्यावर जांभळ्याचे सात हात, प्रत्येक हात पाण्यासारखा पातळ. त्यावर लॅकरचे चार हात, घासून सपाट केले, परत तीन. त्या वर्षी प्रदर्शनात पहिली आली. बॉनेट, छत, मागचं झाकण, तिथं लॅकर भरपूर आहे. बिनधास्त जा. कडांना टेप लाव, कडेला रंग नेहमी पातळ असतो. मशीनवर वजन टाकू नकोस, मशीनला त्याचं वजन आहे. एका जागी थांबू नकोस. मधेमधे तळहात ठेवून बघ, गालाइतकं गरम चालेल, चहाच्या कपाइतकं नाही.

घासताना पाण्याकडे बघ, पांढरं आलं तर लॅकर, रंगीत आलं तर थांब. बाकी कुणाचं ऐकू नकोस, मालकाचं नको, माझंही नको, पाण्याचं ऐक. हे तुला सात वर्षांची असताना सांगितलंय.

डाव्या दारावर माझा हात नाही. तिथं जपून.

आणि तू काय नवखी आहेस का? बारा वर्षांची असताना माझी रंगाची गन पळवून मामीच्या सगळ्या बादल्या जांभळ्या केल्यास. मामी म्हणते, एक अजून आहे, रंग गेला नाही. म्हणजे काम पक्कं होतं.

ढब्बीला पापा.

मामा

&nbsp;

ता. १३ फेब्रुवारी

मामा,

बॉनेट झालं!

पहिल्या दिवशी नुसती टेप लावत बसले. मालक म्हणाला, "गाडीला पट्ट्या बांधतेस का, तिला लागलंय कुठं?" दुसऱ्या दिवशी मशीन लावलं. पहिला वीतभर तुकडा केला आणि पुसलं तर, मामा, त्यात छपराचा पत्रा दिसला. पत्र्याचा खिळासुद्धा. मी काचेतून मावशींना हाक मारली, त्या ढब्बीला घेऊन दारापर्यंत आल्या, ढब्बीला बॉनेटमध्ये ढब्बी दिसली आणि ती तिच्याशी बोलायला लागली. मग माझे हात थरथरायचे राहिले. कधी राहिले ते कळलंच नाही.

छत झालं. मागचं झाकण झालं. उजवी बाजू सगळी झाली. पाणी पांढरं येत होतं, तू म्हणतोस तसं, म्हणजे लॅकरच निघत होती. आरसेदादा गळ्यात हात बांधून बघायला आला. कितीतरी वेळ वाकून बघितलं आणि म्हणाला, "माझं मनगट घाईनं बरं व्हायची गरज नाही तर." त्याला वाईट वाटलं का बरं वाटलं, कळलं नाही.

आता डावं दार. तू लिहिलंस तुझा हात नाही, आणि मी सुटले बघ. मी उगाच त्या दाराला घाबरत होते. म्हणजे मधे कधीतरी ठोकलं असेल आणि दुसऱ्या कुणा रंगाऱ्यानं केलं असेल, म्हणूनच ते फिकं. मालकाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मग त्याची काय पूजा करायची? जाडा काचपेपर घे, दाबून घास. नाही उजळलं तर खरवडून टाकू आणि बाजारातला जवळपासचा जांभळा मारू. दाराकडे कोण बघतं, सगळे बॉनेट बघतात." रंगाची जाडी मोजायचा मीटर लावून बघितला, रंग जाडच दाखवतो. सोमवारी घेणार.

मामा, मला वाटतं मला जमतंय.

भिंगरी

&nbsp;

ता. १५ फेब्रुवारी

भिंगरे, दाराला हात लावू नकोस!

मामीला दहादा फोन करायला लावला, तुझा बंद. वर्कशॉपचा नंबर आमच्याकडे नाही. हे पत्र जलद डाकेनं टाकतोय. सोमवारच्या आत पोचू दे.

दार माझंच आहे. रंग माझाच, सातही हात माझे. मी हात म्हटलं ते लॅकरचा हात. त्या दारावर वरचा हात नाही. 'वरचा' असं लिहायचं होतं. लिहिताना लाज वाटली आणि 'माझा' लिहिलं. मग मामीनं पाकीट चिकटवलं.

आता सगळं लिहितो. गाडी द्यायच्या आदल्या दिवशी डाव्या दाराची लॅकर पातळ करायला मी चुकीचा थिनर घातला. दोन डबे शेजारी, एक उचलायचा तो दुसरा उचलला. मीच, दुसऱ्या कुणी नाही. सकाळी दार दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलं होतं. ती सगळी लॅकर मी हातानं घासून काढली, रंगापर्यंत आलो आणि थांबलो. परत लॅकर मारून वाळायला वेळ नव्हता. मेण चोळलं. चमकलं. कुणाला कळलं नाही, आणि गाडी पहिली आली.

सांगू सांगू म्हणता बावीस वर्षं गेली. बाईच्या नवऱ्यानं मला मिठी मारली होती, त्या मिठीत कसं सांगायचं?

मीटर वेडा आहे. तो खालच्या पुट्टीपासून सगळं मोजतो, वर काय आहे ते त्याला काय माहीत! दाराला पेपर लावलास की सरळ रंगच.

भिंगरे, नको लावूस.

मामा

&nbsp;

ता. १९ फेब्रुवारी

मामा,

फोन ढब्बीनं पाण्याच्या बादलीत टाकलाय, म्हणून बंद. पत्र मंगळवारी आलं. दार सोमवारी घेतलं होतं.

घाबरू नकोस, आधी वाच.

पेपर ओला केला, दाराच्या खालच्या कोपऱ्यात तीनदा घासलं. पाणी जांभळं आलं. हात आपोआप वर आला, मामा, चटका बसल्यासारखा. मालक मागून ओरडला, "थांबलीस का?" म्हटलं, "यावर लॅकर नाही." तो म्हणाला, "मीटर खोटं बोलतो का?" म्हटलं, "मीटर काय बोलतो माहीत नाही, पाणी जांभळं आहे." तो म्हणाला, "तू मला शिकवणार?" मी पाणी पुसलेलं फडकं त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "तुम्ही घासा मग." माझा आवाज काही लटपटला नाही, कसा काय देव जाणे. त्यानं फडक्याकडे बघितलं. जांभळं होतं. आणि चहा प्यायला गेला.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र. मी संडासात जाऊन वाचलं. रडले. आधी तुझा राग आला म्हणून, मग आणखी कशानं तरी.

तर आता अंगठ्याएवढा डाग पडलाय, आत रुपेरी दिसतं. मालकाला तुझं काही सांगितलं नाही, फक्त डाग दाखवला. तो काय म्हणाला माहितीये? "मेण चोळ आणि दे. कुणाच्या बापाला कळत नाही."

मामा, तूही मेणच चोळलं होतंस.

बाईंनी गाडी जुन्या, मूळ रंगाच्या गटात घातलीय, तेव्हा जिंकला तोच रंग म्हणून. दाराला नवा रंग लागला हे सांगितलं तर त्या गटातून बाहेर. मालक म्हणतो, बाई चिडल्या तर गाडी उचलून नेतील आणि तू पाइप घेऊन बाहेर. बाहेर म्हणजे काय ते तुला लिहिलंच आहे. ढब्बीला आता रांगता येतं, खोक्यात राहत नाही.

तरी मी बाईंना सांगणार आहे. डागाचं माझं, दाराचं तुझं. तुझं नाव घ्यावं लागेल, त्याशिवाय दारावर लॅकर का नाही ते सांगता येत नाही. नको म्हणालास तर वाईट वाटेल, पण सांगणार. आधी तुला कळवते, एवढंच.

आणि तो जांभळा कसा केला होतास ते लिही. बाजारातला मी त्याला लावू देणार नाही.

भिंगरी

&nbsp;

ता. २२ फेब्रुवारी

भिंगरे,

सांग.

मामी म्हणते, बावीस वर्षं मी झोपेत थिनर थिनर बडबडतो, तिला वाटायचं कुणी बाई आहे.

जांभळा असा. साध्या लॅकरच्या एका भांड्याला निळ्याची तीन झाकणं, लालची दोन, आणि काळ्याचा काडीच्या टोकाला येईल तेवढा ठिपका. झाकण माझ्या त्या जुन्या बाटलीचं, नव्या बाटलीच्या झाकणाला थोडं कमी भर. आकड्यात मला सांगता येत नाही, कधी लिहून ठेवलं नाही, हातात होतं.

आणि ते दार आता बावीस वर्षांचं झालंय, गाडीही झालीय. सात हात दिलेस तर कदाचित जास्त गडद होईल. कुठं थांबायचं ते बघून ठरवावं लागतं.

म्हणून मीच येतो. दोन मार्चच्या रविवारी सकाळच्या गाडीनं बसतो, संध्याकाळी तिथं. घाण माझी आहे. तू गन धरू नकोस, मला करू दे.

मामा

&nbsp;

ता. २५ फेब्रुवारी

मामा,

येऊ नकोस. हे जलद डाकेनं टाकतेय, आणि मावशींच्या फोनवरून मामीलाही सांगितलंय, तुझी पिशवी सोड म्हणून. मामीनं ते तरी नीट सांगितलं असेल.

तू आलास तर दार सुंदर होईल, मला माहितीये. आणि सगळे म्हणतील, मामानं केलं. मग तू परत जाशील, आणि पुढच्या गाडीला मी परत पाइप घेऊन बाहेर.

बाईंना काल सांगितलं. त्या खिशात बॅटरी घेऊनच फिरतात. मी आधी डाग दाखवला, मग तुझी गोष्ट सांगितली, थिनरच्या डब्यापासून. मालक मागे उभा राहून मला डोळे वटारत होता. बाई म्हणाल्या, "परत सांग." परत सांगितली. मग म्हणाल्या, "बावीस वर्षं मी त्या दाराला टेकून फोटो काढतेय." मी हातातल्या फडक्याची घडी घातली. त्या म्हणाल्या, "तुझ्या मामाला मला फोन करायला काय झालं होतं?" मी म्हटलं, "त्याला ऐकू येत नाही." "तेव्हा तर येत होतं ना?" म्हटलं, "हो, तेव्हा येत होतं."

दोन वेळा गाडीभोवती फिरल्या. बॉनेटपाशी थांबल्या, बराच वेळ. मग मालकाला विचारलं, "हे बॉनेट कुणी केलं?" त्यानं माझ्याकडे हात केला. त्या मला म्हणाल्या, "मग दारही तूच कर. पण मला दाखवल्याशिवाय लॅकर नाही. आणि यापुढं मला काही गोड बोलून सांगायचं नाही, असंच सांगायचं."

रंग केला. डब्यांची आठ झाकणं घेतली, सगळ्यांवर रुपेरी आणि चमकी, मग पहिल्यावर एक हात, दुसऱ्यावर दोन, असं आठपर्यंत. दुपारच्या उन्हात एकेक झाकण मडगार्डला लावून बघितलं. सातवं गडद. सहावं जरा गडद. पाचवं लावलं आणि मडगार्डवर झाकण कुठं आहे ते मलाच सापडेना.

पाच हात देणार, मामा. सात नाही. उद्या गन धरते. तोंडाला मास्क बांधून, ढब्बीला मावशींच्या घरी पाठवून.

भिंगरी

&nbsp;

ता. ११ मार्च

मामा,

सुरुवातीपासून सांगते, मधे काही विचारू नकोस.

दार पाच हातांत मिळालं. बाई आल्या, बॅटरी मारून बघितलं, म्हणाल्या, "लाव लॅकर." लॅकर चार हात. थिनरचा डबा उचलायच्या आधी त्याच्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं, मालकाकडूनही वाचून घेतलं. तो म्हणाला, "मला काय आंधळा समजतेस?" पण वाचलं त्यानं. वाळलं, घासलं, पॉलिश केलं. पाणी पांढरं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

नऊ तारखेला सगळे गेलो. एवढा मोठा हॉल, गाड्यांच्या खाली आरसे, भोवती दोऱ्या. माझ्या कडेवर ढब्बी, तिला सगळ्या गाड्यांत ढब्ब्या दिसत होत्या. परीक्षक आला. म्हातारा, गुडघ्याला पट्टा. त्यानं काही विचारायच्या आधीच बाई म्हणाल्या, "डावं दार नवीन आहे. या मुलीनं केलंय. आमचा गट बदला." मालकानं कपाळाला हात लावला.

परीक्षक खाली बसला. बॅटरी दारावर, बॅटरी मडगार्डवर, परत दारावर. इतका वेळ की मी ढब्बीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग दोन बोटं ठेवली, एक दारावर, एक मडगार्डवर, आणि बाईंना म्हणाला, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं." बाई म्हणाल्या, "म्हणूनच सांगितलं."

तिसरी आलो, मामा. नव्या रंगाच्या गटात तिसरी. मला आधी वाईट वाटलं. मग पहिली आलेली बघायला गेले. पिवळी होती. तिच्या छतावर एकही जाळं नव्हतं, आणि मी चांगलं शोधलं. खरंच चांगली होती. कुणी केली विचारलं, तर माझ्याएवढीच एक बाई. तिनं पॅड कुठला वापरला ते सांगितलं, आपल्याकडे तो कुणी वापरत नाही. मी मागवायला सांगितलाय.

बाईंनी जाताना तुझा पत्ता घेतला. चिडून घेतला का कशासाठी, ते विचारायचा मला धीर झाला नाही. पत्र आलं तर उघड, लपवू नकोस. मामीला आधी वाचू दे हवं तर.

आणि काल सोमवार. सकाळी आले तर आत माझ्या जागेवर एक हिरवी गाडी उभी. मालकानं किल्ली माझ्या हातात दिली आणि जमेल का असं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मावशींनी ढब्बीसाठी ऑफिसच्या दाराला आडवी फळी लावून घेतलीय, आता ती त्याला धरून उभी राहते आणि काचेवर थापा मारते.

हिरवीच्या छतावर खोल ओरखडा आहे, नखात अडकतो. कसा काढायचा ते मी ठरवलंय, तुला सांगत नाही.

आता ये. पिशवी भर आणि मामीलाही घेऊन ये. करायला नाही. नुसतं बघायला.

भिंगरी